पडला, पण मेला नाही

(दृश्य: संध्याकाळचे साडेसहा. इमारतीच्या खिडक्या एकेक करून बंद होताहेत. आत, भिंतीवरच्या मशीनचा लाल दिवा.)

दिवेलागण झाली. खिडक्या लागल्या, मशीन सुरू झालं. आणि शेजारच्याच प्लगला डास मारायची रॅकेट चार्जिंगला लावलीय. मशीनवर भरवसा उरलेला नाही, हे घरानं न बोलता कबूल केलंय.

‘हल्ली औषधात दमच नाही,’ असं जिन्यात सगळेच म्हणतात. पण औषध तेच राहिलं आणि डासच बदलला, असंही होऊ शकतं.

(दृश्य: भिंतीवर बसलेला डास, अगदी जवळून.)

हा क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पत्ता लक्षात ठेवा: तुंबलेलं गटार, सेप्टिक टँक, मोरीमागचं साचलेलं सांडपाणी. मलेरियाचा ॲनॉफिलीस वेगळा. डेंग्यूचा एडिस वेगळा, तो दिवसा चावतो. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुतेक वेळा हाच असतो. विदर्भात हत्तीरोग पसरवणाराही हाच. याची मादी पाण्यावर एका खेपेला शे-दोनशे अंडी घालते, एकमेकांना चिकटलेली, तराफ्यासारखी. उकाड्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. आपलं एक वर्ष सरेपर्यंत त्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात.

(दृश्य: कॉइलचा धूर. मग पांढऱ्या फुलांचं शेत.)

कॉइल, मशीनमधलं लिक्विड, स्प्रे, या सगळ्यांतली औषधं बहुधा एकाच घराण्यातली: पायरेथ्रॉइड. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात असं कीटकनाशक मुळातच असतं. त्याच्या नकलेवरून ही कारखान्यात बनवलेली भावंडं निघाली. डासाच्या नसांवर सोडियमची बारीक दारं असतात. संदेश गेला की दार उघडतं आणि लगेच मिटतं. पायरेथ्रॉइड त्या दारात पाचर मारतं. दार मिटेना, नस थांबेना. डास थरथरतो आणि पाठीवर पडतो.

आता समजा, लाखांत एका डासाच्या जनुकात एकच अक्षर वेगळं आहे. ते दार प्रथिनाचं, अमिनो आम्लांच्या विटांनी बांधलेलं. त्या बांधणीत 1014 क्रमांकाच्या जागी ल्युसीन नावाची वीट असायची, तिथे फेनिलॲलनिन नावाची आली. एवढ्यानं पाचर नीट बसत नाही. आपल्या औषधानं हा डास घडवला नाही, तो आधीपासून होताच. आपण फक्त त्याच्या भाऊबंदांना मारून त्याला गटार मोकळं करून दिलं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले, मातीच्या भिंती.)

आणि ही निवड लिक्विडच्या मशीनपासून सुरू झालेली नाही. 1953 साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव भिंतींवर डीडीटी मारलं जाऊ लागलं. भिंतीवर पांढरे डाग पडायचे, बायामाणसं त्यावर पुन्हा सारवून घ्यायची. आपल्या रायगड जिल्ह्यात, रसायनीला, डीडीटीचा सरकारी कारखाना होता. फवारणी होती ॲनॉफिलीससाठी. पण त्याच भिंतीवर क्युलेक्सही टेकायचा. गंमत अशी की डीडीटीचं आणि पायरेथ्रॉइडचं रसायन वेगळं असलं, तरी पाचर त्याच दारात बसते. म्हणजे आजोबांच्या काळातल्या फवारणीला जो डास पुरून उरला, त्याच्या पणतवंडांची आपल्या मशीनशी ओळख आधीच झालेली होती!

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेसारखी पारदर्शक नळी, आत गुंडाळलेला कागद.)

प्रतिकार मोजायची जागतिक आरोग्य संघटनेची रीत साधी आहे. ठरलेल्या मात्रेचं औषध लावलेला कागद नळीत गुंडाळायचा. रक्त न प्यायलेल्या वीस-पंचवीस माद्या आत सोडायच्या. एक तासानं त्यांना दुसऱ्या, स्वच्छ नळीत काढायचं, साखरपाण्याचा बोळा ठेवायचा, आणि 24 तास थांबायचं. 98 टक्के किंवा त्याहून जास्त मेल्या, तर औषध लागू पडतंय. 90 टक्क्यांहून कमी मेल्या, तर प्रतिकार पक्का.

यातलं 24 तास थांबणं महत्त्वाचं. तासाभरात सगळ्या माद्या तळाशी पडलेल्या दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही उठून नळीच्या भिंतीवर बसलेल्या असतात. घरात आपण 24 तास थांबत नाही. स्प्रे मारला, डास पडला, आपण झोपलो. म्हणून पडलेले डास लगेच झाडून टाकलेले बरे. कॉइलबद्दलही एक गैरसमज आहे. तिच्या धुरानं डास मरण्यापेक्षा पळतातच जास्त. पळून कुठे जातात? शेजारच्या खोलीत.

(दृश्य: धुरळणीची गाडी, मागे धावणारी पोरं.)

धुरळणीत बरेचदा मॅलेथिऑन वापरतात, ते दुसऱ्या घराण्यातलं. त्यालाही क्युलेक्सकडे वेगळा उपाय आहे. एस्टरेज नावाचं विकर हे औषध पकडून ठेवतं. कॅलिफोर्नियातल्या क्युलेक्सच्या एका वाणात या विकराच्या जनुकाच्या सुमारे 250 प्रती सापडल्या, हे 1986 साली प्रसिद्ध झालं. बाकीच्यांच्या दारात एक राखणदार, याच्या दारात अडीचशे. आणि हा धूर लागतो फक्त त्या घटकेला उडत असलेल्या डासांना. गटारातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही नसतो. नगरसेवकाला फोन केला की गाडी येते, धूर दिसतो, समाधान होतं. मला विचाराल तर धुरळणी डासांपेक्षा मतदारांसाठी जास्त होते.

(दृश्य: केरळ. कोचीचे नाले, नारळीची झाडं.)

मग रसायनं सोडून जिवाणू वापरले तर? कोचीत तेही करून झालं. बॅसिलस स्फेरिकस हा जिवाणू घाण पाण्यातही टिकतो आणि अळ्या तो खाऊन मरतात. दोन वर्षांत 35 वेळा फवारला. 1995 साली अहवाल आला: तिथल्या अळ्या जवळजवळ दीडशे पट चिवट झाल्या होत्या. कारण या जिवाणूचं मुख्य विष एकच, आणि अळीच्या आतड्यात ते चिकटायची जागाही एकच. तेवढी एक जागा बदलली की काम फत्ते. याचा चुलतभाऊ, म्हणजे 1976 साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला बीटीआय नावाचा जिवाणू, चार विषं एकदम सोडतो. चारही कुलपं एकाच वेळी बदललेली अळी सापडणं फार कठीण. मात्र गटारासारख्या घाण पाण्यात तो लवकर निष्प्रभ होतो, ही त्याची अडचण.

(दृश्य: नांदेड जिल्हा, हिमायतनगर तालुका. टेंभुर्णी गाव. कोरड्या गल्ल्या.)

टेंभुर्णीनं औषधाची बाटलीच बाजूला ठेवली. घराघरापाशी शोषखड्डे खणले. सांडपाणी थेट जमिनीत मुरायला लागलं, गटारं उरली नाहीत. गटार नसेल तर क्युलेक्सला अंडी घालायला जागा नाही. कोरड्या जमिनीवर जगायचा प्रतिकार अजून कुठल्या डासाला साधलेला नाही.

शहरात शोषखड्ड्याला जागा कुठून आणायची, हा प्रश्न खराच आहे. पण सेप्टिक टँकचा व्हेंट पाइप, म्हणजे हवा जायची नळी, तर बऱ्याच बैठ्या घरांच्या मागे असतो.

(दृश्य: शिडीवर चढलेला माणूस पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधतोय. सुतळीची गाठ. कॅमेरा जवळ जातो. जाळीला आतून चिकटलेले डास. एक, पाच, मग मोजता येणार नाहीत इतके.)