गाडी बघायला जायचं तर पावसात जा

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, म्हणजे माझा नवरा आणि मी, गेली सहा वर्षं मोटरहोममध्येच, म्हणजे पलंग, ओटा, बाथरूम सगळं आत असलेल्या गाडीतच राहतोय, बाराही महिने, दुसरं घर आम्हाला नाही. आता ते कळलं की लोक विचारतात, आम्हीपण एक जुनी मोटरहोम बघतोय कायम राहायला, काय काय बघायचं सांगा ना. आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न इंजिनचा असतो, किती किलोमीटर चाललीय, अजून किती चालेल. मी त्यांना म्हणते इंजिनचं नंतर बोलू, आधी पाण्याचं बोलू.

कारण काय आहे, या गाड्यांची भिंत आपल्या घराच्या भिंतीसारखी नसते. बाहेरून फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे फोम आणि बऱ्याच गाड्यांमध्ये लाकडाच्या पट्ट्या, आणि आतून पातळसं प्लाय त्यावर वॉलपेपर. हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं. त्यात खिडक्या कापलेल्या, छतावर हवेसाठी झरोके कापलेले, टेल लाइट, अँटेना, सोलार पॅनलचे ब्रॅकेट, प्रत्येक ठिकाणी एक भोक आणि त्या भोकावर सीलंट, म्हणजे फट बुजवायचा रबरासारखा लेप. गाडी चालताना ही सगळी पेटी हलते, पिळवटते, वर ऊन लागतं, थंडी लागते, आणि काही वर्षांत सीलंट वाळून त्याला केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि तिथंच राहतं, बाहेर यायला वाटच नाही त्याला. आत लाकूड दोन दोन, चार चार वर्षं कुजत राहतं आणि वॉलपेपर मात्र वरून कोरडा छान. डाग दिसायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हे मी आमच्यावरून सांगतेय. आमची पहिली गाडी एका विक्रेत्याकडून घेतली, आतून इतकी स्वच्छ होती की मी दारातच हो म्हणून बसले. आठ महिन्यांनी पलंगाच्या मागच्या कोपऱ्यातला पाय एकदम खाली बसला. गादी काढली, फळी काढली, तर खालचं लाकूड हाताने उचलता येत होतं, काळं, ओलं, आणि त्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. मागच्या दिव्याच्या स्क्रूच्या भोकातून पाणी जात होतं, बस्स, एवढंच कारण. दुरुस्तीला भिंत उघडावी लागली, तीन आठवडे. आता बघा, सुट्टीला गाडी वापरणाऱ्याची गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये गेली तर तो घरी बसतो, आमचं घरच गॅरेजमध्ये होतं, आम्ही भाड्याच्या खोलीत पिशव्या घेऊन. म्हणून मी पाण्याबद्दल इतकं बोलते.

मग बघायचं कसं. एक, शक्य असेल तर पावसात जा किंवा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. आत शिरल्या शिरल्या बोलू नका, आधी वास घ्या. रूम फ्रेशनरचा दरवळ असेल तर प्रत्येक कपाट उघडून नाक आत घाला, बंद कपाटात ओल लपत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ना काही गाड्यांत, तिथली गादी उचलायची आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून बघायचं. एका गाडीत मी असं दाबलं आणि अंगठा आत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा. मालक म्हणाला थंडीत जरा दव धरतं हो. दवाने प्लाय असं मऊ होत नाही, आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

दोन टोकं टोचून ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, मॉइश्चर मीटर, ते स्वतःचं घ्या आणि घेऊनच जा. साधारण १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर ठीक, २० च्या वर गेला की कारण शोधायचं, ३० च्या वर म्हणजे आत लाकूड गेलंय असं धरून चालायचं. पण एका जागी टोचून थांबू नका, प्रत्येक खिडकीच्या खालचे दोन कोपरे, छताच्या झरोक्याभोवती, दाराच्या चौकटीखाली, मागचे सगळे कोपरे, कपाटांच्या आतून. बाहेर आलात की गाडीच्या कडेला गाल लावल्यासारखं उभं राहून भिंतीवरून तिरकी नजर टाका, फुगवटा असला तर असाच दिसतो, समोरून दिसत नाही. दारापाशी आणि बाथरूमच्या समोर पावलं जोरात टाकून चाला, फरशी दबली तर लक्षात येतं. शिडी मागा, छतावर बघा. आणि सगळं सीलंट जुनं पिवळं आणि एकाच कोपऱ्यात पांढरं नवंकोरं असेल तर तिथं काय झालं होतं ते विचारा, सरळ विचारा.

बरं. हे पास झालं की वजन. याच्याकडे लोकांचं अजिबात लक्ष जात नाही आणि कायम राहणाऱ्याला तर हेच आडवं येतं. प्रत्येक गाडीवर एक प्लेट असते, त्यावर भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं, त्यात तुमचा संसार. युरोपातल्या खूप मोटरहोम ३५०० किलोच्या प्लेटवर असतात कारण साध्या कारच्या लायसन्सची मर्यादा तिथं तेवढीच धरलेली, आणि मोठी सुंदर गाडी ३५०० मध्ये बसवली की हातात कधीकधी ३०० किलोसुद्धा उरत नाहीत. आता १०० लिटर पाण्याची टाकी भरली, १०० किलो गेले. दुसरा माणूस बसला, गॅसच्या टाक्या, मागच्या मालकाने बाजूला लावलेलं उघडझाप करायचं कापडी छप्पर, सोलार पॅनल, जास्तीची बॅटरी, संपलं. कपडे, भांडी, पुस्तकं, हत्यारं अजून खालीच आहेत. सुट्टीवाल्याला दोन बॅगा न्यायच्या असतात, आपल्याला चारही ऋतूंचे कपडे. म्हणून ब्रोशरमधला आकडा मानू नका, मालकाला म्हणा पाण्याची आणि डिझेलची टाकी भरून वजनकाट्यावर नेऊ, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं, म्हणजे चाकांच्या आसाचं, वेगळं वजन करू. मागे सायकलचा रॅक असेल तर अजून सावध, चाकाच्या मागे लटकलेलं वजन मागच्या ॲक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला ते कळतं.

वजनाबरोबर टायर. मोटरहोम खूप काळ उभी असते त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. मी सात वर्षांपुढचा टायर ठेवत नाही, कितीही छान दिसला तरी, तर त्या सगळ्या टायरचा खर्च किमतीत धरा.

आता माझा आवडता भाग. दोघांनी गाडीत एक तास नुसतं राहायचं. मालकाला सांगा, आम्हाला जरा एकटं बसू द्या. आणि मग खरंच रोजचा दिवस करून बघा. एक जण ओट्यापाशी उभा, दुसरा त्याच्या मागून बाथरूमला जातोय, जाता येतं का? बाथरूममध्ये दार लावून हात वर करून केस धुतल्यासारखं करा, कोपर कुठं आपटतंय बघा. पलंगावर आडवे व्हा, दोघंही, रात्री आतल्या बाजूचा उठला तर बाहेरच्याच्या अंगावरून जावं लागतं का बघा. टेबल मोडून पलंग करायचा अशी गाडी सुट्टीत मजेची वाटते, पण रोज रात्री मोडायचं आणि रोज सकाळी परत मांडायचं म्हणजे वर्षाला ७३० वेळा, आणि एकाला ताप आला आणि दुसऱ्याला टेबलावर काम करायचंय तर काय करणार? कायम राहायचं तर कायमचा पलंग घ्या, या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. त्या पलंगाखाली हवा खेळते का तेही बघा, बंद फळीवर गादी असेल तर अंगाची ऊब आणि खालची थंडी यांच्यामधे पाणी सुटतं आणि गादीला बुरशी धरते. ओले बूट, ओला रेनकोट कुठं ठेवणार, हे तर विचाराच. आम्हाला पहिल्या गाडीत त्याचं उत्तरच नव्हतं.

ही घर पाहावं बांधून म्हणतात तशातलीच गोष्ट आहे, राहिल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे तशाच मापाची गाडी आठवडाभर भाड्याने घेऊन राहिलात तर ते पैसे वाया नाही जात.

विजेचं थोडक्यात सांगते. राहायच्या भागाची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपेक्षा वेगळी असते. साधी लेडची असेल तर लिहिलेल्या आकड्याच्या निम्मीच वापरायची नाहीतर लवकर मरते. १०० अँपिअर-अवर, १२ व्होल्ट, म्हणजे हिशोबाने १२०० वॅट-अवर पण हाताशी ६००. लिथियमची असेल तर जवळजवळ सगळी वापरता येते आणि वजनही खूप कमी, पण मग तिला चालणारा चार्जर बसवलाय का हे विचारायचं. चार्ज होऊन काही तास शांत राहिलेली लेडची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी, १२ दाखवत असेल तर नवी घ्यायची तयारी ठेवा. आणि टॉयलेटची कॅसेट, म्हणजे त्याखालची काढून रिकामी करायची टाकी, साधारण १७ ते २० लिटरची असते, दोन माणसं असली की दोन तीन दिवसांत रिकामी करायला जागा शोधावी लागते, मुक्काम किती दिवस करायचा हे बॅटरीपेक्षा कित्येकदा तीच ठरवते.

फ्रिज. जुन्या गाड्यांत बहुतेक गॅसवर, विजेवर आणि १२ व्होल्टवर असा तिन्हीवर चालणारा असतो, त्यात कंप्रेसर नसतो, त्यामुळे आवाज नाही पण गाडी सपाट उभी नसेल तर नीट थंड करत नाही आणि थंड व्हायलाच कित्येक तास घेतो. म्हणून आदल्या रात्री फोन करून सांगा की फ्रिज गॅसवर चालू करून ठेवा. गेल्यावर गार असेल तर बरं. अमोनियाचा वास किंवा मागच्या नळ्यांवर पिवळट पावडर दिसली तर तो फ्रिज गेलाय. गॅसवर हीटर, गिझर, शेगडी सगळं एकेक करून चालू करायला लावा आणि दहा मिनिटं चालू राहू द्या. फरशीत किंवा कपाटाच्या तळाला जाळीची भोकं दिसतील, ती मुद्दाम ठेवलेली असतात, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि तिथून बाहेर जातो. गार वारा येतो म्हणून मागच्या मालकाने ती बुजवली असतील तर आधी मोकळी करायची. थंडीत राहणार असाल तर गॅस प्रोपेन हवा, ब्युटेन शून्याच्या आसपास आला की टाकीतून निघतच नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत निघतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे गॅस नीट न जळल्यावर होणाऱ्या बिनवासाच्या विषारी वायूचा अलार्म, त्यालाही मुदत असते, मागे तारीख बघा, संपली असेल तर नवा घेतल्याशिवाय त्या गाडीत एक रात्रसुद्धा झोपू नका, हे मी हात जोडून सांगते.

आता इंजिन, ज्याच्यासाठी तुम्ही थांबला होता. बऱ्याच मोटरहोम फियाट डुकाटो, फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज स्प्रिंटर अशा रोजच्या डिलिव्हरी व्हॅनवरच बांधलेल्या असतात त्यामुळे पार्ट मिळतात, मेकॅनिक मिळतात. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर आधी चालू करून ठेवलीय, थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायला परत या. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या झडपा वेळेवर हलवणारा पट्टा, असेल तर तो किलोमीटरवर बदलतात तसा वर्षांवरही बदलतात, कधी बदलला त्याचं बिल मागा. खाली टॉर्च मारून गंज बघा. वीस वर्षांत अगदी कमी चाललेली गाडी मला उलट नको वाटते, उभ्या गाडीचे सील वाळतात, ब्रेक धरतात. चेसिसवरचा नंबर कागदाशी जुळवा, कर्ज बाकी नाही ना बघा, आणि विमा कंपनीला स्पष्ट सांगा की आम्ही यात कायम राहणार, काही पॉलिसी फक्त सुट्टीच्या वापरापुरत्या असतात आणि ते नेमकं क्लेमच्या वेळी कळतं.

आमची आत्ताची गाडी आम्ही अशीच घेतली, भर पावसात जाऊन. चौदा वर्षांची होती, पडदे विटलेले, एका कपाटाचं दार वाकडं, पहिल्या गाडीपुढे काहीच नाही. म्हाताऱ्या मालकीणबाई म्हणाल्या बसा, छतावर पाऊस ऐका, मी घरात आहे. नवरा गाद्या उचलत गेला, मी मीटर टोचत गेले, १०, ११, १०, १३. निघताना त्यांनी एक वही दिली, दर वर्षी कुठल्या कोपऱ्यात किती ओल होती ते त्यात तारखेनिशी लिहिलेलं, कुठलं सीलंट कधी काढून नवं भरलं तेही. मी तिथंच आगाऊ पैसे दिले.

ती वही आता मी लिहिते. गेल्या रविवारी शिडी लावून वर चढले होते, पुढच्या झरोक्याची एक कड सुटायला आलीय, तेवढी खरवडून परत भरली. मागचा डावा कोपरा, १२.