मागाच्या शेडमधली बाळंतपणं

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी आमच्या मिलच्या चाळीत धामण निघाली की मोठी माणसं काठी शोधायची आणि मी धामण. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाला, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीला, नागफणी, म्हणजे नागाचा फणा, बांधतात ना, ती दिसावी म्हणून वडिलांच्या खांद्यावर बसायचो. पुढं नोकरी, लग्न, घराचे हप्ते, आणि ते वेड माळ्यावर गेलं. पन्नाशीत एका सर्पमित्राबरोबर हिंडू लागलो, आणि आता आमच्या घरात सापाची पिल्लं जन्मतात.

घाबरू नका. देशी साप पाळायला आणि त्यांची पैदास करायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. वनविभागाच्या परवानगीनं, उघडी पडलेली अंडी उबवायची आणि पिल्लं सोडून द्यायची, एवढंच. पोरं बॉल पायथनचं विचारतात. तो आफ्रिकेचा अजगर, पाळायचा तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मी म्हणतो, सोलापूरच्या मे महिन्यात आपलेच हाल, पाहुणा कशाला? आणि हातात नाग धरून रील टाकणाऱ्याला सर्पमित्र म्हणू नका. मित्राला असं कुणी नाचवतं का?

असो. झाकणाला भोकं पाडलेला डबा, ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, 28 ते 30 अंश तापमान. अंडं सापडलं तसंच ठेवायचं, वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करायची. फिरवायचं नाही. पुन्हा सांगतो, कोंबडी फिरवते, आपण फिरवायचं नाही. गर्भ आतून कवचाला चिकटलेला असतो, उलटला तर दगावू शकतो.

तर सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमागाच्या शेडची भिंत पाडताना धामणीची अंडी निघाली. गवंडी म्हणाला, "फेकून द्या, धामण गाईचे पाय बांधून दूध पिते." मालकाच्या आजी तेलुगू वळणाच्या मराठीत कडाडल्या, "इथं गाय कुठं आहे रे? हात लावू नको!" पंचनामा झाला, अंडी माझ्याकडं आली, आणि अंड्यांमागं आजीही. रिक्षा करून यायच्या. कुरडयांचा मोठा डबा गेला म्हणून बायको धुसफुसत होती. आजींनी तिला दटावलं, "बाळंतिणीच्या खोलीत भांडू नये."

दोनेक महिन्यांनी, पाऊस सुरू झाल्यावर, एका अंड्याला चीर गेली. पिल्लाच्या तोंडाला पुढं इवलासा दात असतो, त्यानं ते कवच कापतं. एकेक तोंड बाहेर आलं आणि तिथंच थांबलं. आजी स्टूल ओढून समोर बसल्या.

"बाहेर का येईनात?"

"उरलेला बलक अंगात जिरवतात, आजी. मग निघतात."

"म्हणजे जेवून निघणार. शहाणी आहेत."

पहिली कात टाकल्यावर वनरक्षक पिल्लं न्यायला आले, तेव्हा आजींनी पदर खोचला. "एक ठेवा की आमच्या शेडला. उंदीर सूत कुरतडतात."

"पाळता येत नाही आजी, कायदा आहे."

"मग उंदीर तरी मी कुठं पाळलेत? राहतातच की!"

यावर वनरक्षकांकडं कलम नव्हतं.