उशाशी सक्शन मशीन

श्रोतेहो, नमस्कार.

पक्षाघाताचा किंवा डोक्याला मार बसलेला रुग्ण रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा त्याच्यासोबत बरंच सामान येतं. हवेची गादी, नाकातून घातलेली अन्नाची नळी, लघवीची पिशवी, आणि काचेची किंवा प्लास्टिकची बरणी जोडलेलं एक मशीन. बाकीच्या वस्तू घरच्यांच्या अंगवळणी पडतात, पण कफ ओढून काढणाऱ्या या सक्शन मशीनला सगळे घाबरतात. काही दिवसांनी भीती मोडते आणि मग गाडी दुसऱ्या टोकाला जाते. जरा खरखर ऐकू आली की कुणीतरी उठून मशीन लावतं. परिचारिका म्हणून मला भित्र्या घरापेक्षा या सरावलेल्या घराची काळजी जास्त वाटते.

कारण असं की, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेल्या नळीतून, म्हणजे ट्रॅकिओस्टोमीतून, सक्शनची कॅथेटर, म्हणजे मशीनला जोडलेली बारीक लवचिक नळी, आत गेली की ती कफ ओढते तशी फुप्फुसातली हवाही ओढते. तेवढा वेळ रुग्णाला पुरेसा श्वास मिळत नाही, ऑक्सिजन खाली येतो. काही जणांची नाडी एकदम मंदावते. वारंवार घासून श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटतं, सुजतं, आणि सुजलेलं अस्तर आणखी कफ तयार करतं. मग घरचे म्हणतात, ‘कफ फारच वाढलाय हो,’ आणि पुन्हा मशीन लावतात.

म्हणून ‘दर दोन तासांनी सक्शन’ असं वेळापत्रक भिंतीवर लावू नका. दर दोन-तीन तासांनी रुग्णाकडे बघा, छातीवर तळहात ठेवा. आत घरघर हाताला जाणवते का? नळीच्या तोंडाशी कफ दिसतोय का? दम लागलाय, चेहरा अस्वस्थ झालाय, ऑक्सिमीटरचा आकडा नेहमीपेक्षा उतरलाय का? यातलं काही असेल तर सक्शन करा. त्याआधी शुद्धीवरच्या माणसाला खोकायला सांगा. पुष्कळदा कफ नळीच्या तोंडापर्यंत येतो आणि पुसून घेतला की भागतं.

आता मशीनच्या ओढण्याच्या दाबाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात मोठी गफलत इथे होते. मोठ्या माणसासाठी दाब ८० ते १२० मिलिमीटर पारा पुरतो, आणि कफ दाट असला तरी १५० च्या वर जायचं नाही. लहान मुलांसाठी तो कमी लागतो, तो डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पण भाड्याने आणलेल्या मशीनच्या काट्यावर मिलिमीटर असतीलच असं नाही. कुठे किलोपास्कल असतात, तिथे १२० म्हणजे १६. कुठे मेगापास्कल असतात, तिथे तोच आकडा ०.०१६ होतो. मेगापास्कलच्या तबकडीवर काटा ०.०६ वर दिसला तर आकडा बारीक वाटतो, पण तो तब्बल ४५० मिलिमीटर असतो! ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायची मशीनही भाड्याने मिळतात आणि ती ६०० च्या आसपास ओढू शकतात. दाब बघताना मशीन चालू करून रबरी नळीचं टोक अंगठ्याने पूर्ण बंद करा आणि मग बटण फिरवून काटा जागेवर आणा. नळी उघडी ठेवून बघितलं तर काटा कमीच दाखवतो. तबकडीवर योग्य जागी लाल मार्करने रेघ ओढून ठेवा, म्हणजे रात्री झोपेत उठलेल्या माणसालाही हिशेब करावा लागणार नाही.

कॅथेटरची जाडी गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्मी, त्याहून जास्त नको. कॅथेटरचे तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर, म्हणून नळी ८ मिलिमीटरची असेल तर कॅथेटर १२ नंबरची, तिचं टोक पांढरं असतं. नळी ७ ची असेल तर १० नंबरची, काळ्या टोकाची. दाट कफ येत नाही म्हणून दुकानातून जाड कॅथेटर आणू नका. जाड कॅथेटर हवेची वाटच अडवते. दाट कफाचं मूळ बहुधा कोरड्या हवेत असतं. नेब्युलायझर, गळ्याच्या नळीवर लावायचा ओलावा धरणारा फिल्टर, अन्नाच्या नळीतून पुरेसं पाणी, यांबद्दल डॉक्टरांना विचारा. दर वेळी नळीत सलाईनचे थेंब सोडायची पद्धत अनेक घरांत दिसते. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

प्रत्यक्ष करताना डोकं आणि पाठ जरा उंच घ्या. नुकतंच अन्न दिलं असेल आणि थांबता येत असेल तर अर्धा तास थांबा, नाहीतर ठसक्याबरोबर उलटी होऊन ते छातीत जाऊ शकतं. हात साबणाने धुवा, हातमोजे घाला. कॅथेटर आत घालताना तिच्या बाजूचं छिद्र उघडं ठेवा, म्हणजे ती ओढणार नाही. किती आत घालायची ते सिस्टरकडून मोजून घ्या, नळीच्या टोकापुढे जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर. मग छिद्रावर अंगठा ठेवून, हलकेच फिरवत बाहेर काढा. हे सगळं दहा सेकंदांत, फार तर पंधरा. मनात आकडे मोजा. पुन्हा करायचं तर मिनिटभर थांबा, ऑक्सिमीटरचा आकडा वर येऊ द्या. आधी गळा, मग तोंड. तोंडात फिरलेली कॅथेटर गळ्यात परत जाता कामा नये, ही चूक घाईत हमखास होते.

बरणी दोन तृतीयांश भरण्याआधीच रिकामी करा. झाकणावर दोन तोंडं असतात, एक रुग्णाकडचं, एक पंपाकडचं. धुऊन जोडताना ती उलटी लागली की कफ थेट पंपात जातो आणि मशीन कामातून जातं. मधला फिल्टर ओला झाला की बदलायचाच.

आणि वीज! बॅटरीचं मशीन असलं तरी ती किती वेळ टिकते ते एका दुपारी चालवून बघा. पायाने दाबायचं सक्शन मिळतं, लोडशेडिंगच्या गावात ते हवंच.

कफात लालसर रेघ एखाद वेळी दिसली तर पुढच्या वेळी हात हलका ठेवा. लाल रक्त येत असेल, कफ हिरवट आणि दुर्गंधीचा झाला, ताप आला, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

एक प्रसंग मात्र वाट बघण्याचा नाही. कॅथेटर आत जातच नाही आणि रुग्ण श्वासासाठी धडपडतोय, म्हणजे नळी चोंदली आहे. आतली सुटी नळी असेल तर ती काढून धुतलेली दुसरी घाला. हे डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून बघितलेलं असलं पाहिजे, घरातल्या निदान दोघांनी. तेवढ्यात दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं, ‘रुग्णाच्या गळ्यात नळी आहे, ती बंद पडली आहे.’ घरात ऑक्सिजन असेल तर मास्क नळीच्या तोंडाशी, गळ्यावर धरा. नाकातोंडावर धरलेला मास्क अशा रुग्णाला सहसा पुरत नाही.

नमस्कार.