जीभ पोळली की झोंबली?

श्रोतेहो, नमस्कार.

मिसळीच्या पहिल्याच घासाला एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आले, की आपल्या कोल्हापुरात शेजारचा माणूस हमखास विचारतो, "तिखट लागलं काय?" दातांचा डॉक्टर म्हणून मला नेहमी वाटते, की त्याने आधी "चटका बसला काय?" असे विचारायला हवे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

मिसळीच्या कटाकडे एकदा नीट पाहा. वर तेलाचा लाल तवंग असतो आणि वाफ जवळजवळ दिसत नाही, म्हणून पदार्थ निवला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्या तवंगामुळेच खालच्या रश्श्याची वाफ कोंडली जाते आणि रस्सा बराच वेळ कढत राहतो. त्यात बुडवलेला पाव तो रस्सा स्पंजासारखा शोषून घेतो आणि दाबला जातो तो थेट टाळूवर. याउलट चहा बशीत ओतला की तो पसरतो आणि भुरक्याबरोबर हवा आत येते, त्यामुळे तो लवकर निवतो. बशीला गावंढळ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता मिरचीकडे वळू. आपल्या जिभेतील मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी एक प्रथिनरचना असते. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की ती मेंदूकडे "भाजते आहे" असा संदेश पाठवते आणि मिरचीतील कॅप्सेसिन नेमकी तीच रचना चेतवते. हा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 साली लावला आणि 2021 च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात त्याचा मोठा वाटा होता. मिरचीने जीभ भाजत नाही, भाजल्याचा भास होतो. कढत रश्श्याने मात्र ती खरोखर पोळते. तांबड्या रश्श्यात दोन्ही एकत्र येतात, म्हणून आपला गोंधळ होतो.

कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून तिखटावर दूध किंवा दही चांगले. पोळण्यावर मात्र पहिला उपाय पाणीच. कढत घास लाजेखातर गिळू नये, तो थुंकून टाकावा आणि गार पाण्याचे घोट तोंडात घोळवत पाच-दहा मिनिटे तोंड थंड करावे. एका घोटाने काम भागत नाही. फ्रीजमधला बर्फ पोळलेल्या जागेवर दाबून धरू नये, कारण तो ओल्या त्वचेला चिकटून तिथे नवी इजा करू शकतो. त्यानंतर थंड दूध प्यायल्यास पोळलेल्या जागेला आराम पडतो आणि मिरचीही निवते. गंगावेशीत समोर काढलेल्या धारोष्ण दुधाचे कौतुक मलाही आहे, पण तोंडात जखम असताना उकळून गार केलेलेच दूध घ्यावे. साजूक तूप लावायचेच असेल तर जागा पूर्ण निवल्यावर लावावे. मध चालतो, पण एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये.

दुसऱ्या दिवशी टाळूचे पांढरट साल जिभेला लागते आणि बोटाने ते ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा, ते आपोआप सुटते. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. भाकरीचा कडक पापुद्रा, लिंबू, तांबडा रस्सा, तंबाखू आणि मिश्री हे सर्व काही दिवस दूर ठेवावे. मिश्रीने जखम सुकते हा समज तर पूर्णपणे चुकीचा आहे. तोंडाची त्वचा लवकर भरून येते; साधा चटका आठवडाभरात बरा होतो आणि गेलेली चवही परत येते. दोन आठवड्यांनंतरही व्रण राहिला, तर तो दंतवैद्याला दाखवावा.

गुऱ्हाळाच्या हंगामात विशेष जपावे. काहिलीतून उतरवताना गुळाचा पाक 115 अंशांच्या पुढे गेलेला असतो, म्हणजे उकळत्या पाण्याहूनही तो अधिक तापलेला असतो, आणि तोंडात चिकटून बसल्यामुळे त्याचा चटका लांबतो. ओढून काढण्यापेक्षा गार पाण्याने तो विरघळू द्यावा. फोड मोठे आले, सूज वाढली, आवाज घोगरा झाला, गिळता येईना, लाळ गळू लागली किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. लहान मुलाने किटलीच्या तोंडाला तोंड लावून कढत चहा ओढला असेल, तर घशाची सूज काही तासांनीही वाढू शकते. अशा वेळी मूल हसत-खेळत दिसले तरी त्याला कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयात दाखवावे आणि श्वासाचा त्रास असल्यास लगेच 108 वर फोन करावा.