मनी आठ दिवस काकूंकडं

परभणी. मे महिना, सकाळचे साडेआठ वाजलेत आणि ऊन आत्ताच डोळ्यावर यायलंय. पोरगी स्कूटी चालवायलीय, मागं बसलेल्या आईच्या मांडीवर ओढणीनं झाकलेली प्लास्टिकची टोपली दिसतीय ना, त्यात मनी आहे, यांचं मांजर. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून सगळं घर आठ दिवस हैदराबादला चाललंय, आपल्याकडं मोठा दवाखाना म्हटलं की माणूस नांदेड ओलांडून हैदराबादच गाठतो, आणि मनीला काही तिकडं नेता येत नाही.

मांजराचा जीव जागेत असतो. त्यामुळं खरं तर तिला तिच्याच घरात ठेवावं आणि ओळखीच्या कुणीतरी दोन टाइम येऊन खाणं-पाणी बघावं, हे सगळ्यात बरं. पण मनीचं घर वरच्या मजल्यावर, वर पत्रे, खिडक्या बंद करून गेलं तर दुपारी आत थांबवत नाही, पारा ४२-४३ च्या पुढं जातो आणि लाईट गेली की कूलरही बंद. आणि "सोडा की अंगणात, मांजर कुठंबी पोट भरतं" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण जे मांजर जन्मापासून घरात वाढलंय ते रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढं काय करणार?

म्हणून काकू, बाहेरगावी जाणाऱ्यांची मांजरं सांभाळणाऱ्या. यांचं नाव आम्ही सांगत नाही, गल्लीत सगळे काकूच म्हणतात. घरातल्या दोन खोल्या त्यांनी मांजरांना दिल्यात, सुट्ट्यांत आणि लग्नसराईत त्या भरलेल्या असतात.

आता हे नीट बघा. काकूंनी टोपलीकडं बघितलं पण नाही, आधी हात पुढं केला. "कार्ड आणलंय ना माय?" पोरीनं पर्समधून लसीचं कार्ड काढून दिलं. काकू चष्मा लावून एकेक स्टिकर बघायल्यात, तारीख, बाटलीचा नंबर, डॉक्टरांची सही. ट्रायकॅट, म्हणजे तीन आजारांवरची लस, झालीय, रेबीजचंही झालंय, दोन्ही वर्षाच्या आतलं. मगच गेट उघडलं. कार्ड नसलं तर काकू कुणालाच घेत नाहीत, नातेवाईक असो की कॉलनीतले साहेब असोत.

पिल्लाला ट्रायकॅट आठव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. त्या तीन आजारांतला सगळ्यात वाईट म्हणजे पॅनल्युकोपेनिया, ज्याला मांजरं पाळणारे नुसतं पार्व्हो म्हणतात. उलट्या, जुलाब, खाणं बंद. त्याचा विषाणू चपलेला लागून घरात येतो आणि खोलीत वर्षभरसुद्धा टिकतो, म्हणजे तुमची मनी दाराबाहेर पाऊल टाकत नसली तरी ती सुरक्षित आहे असं नाही. आणि लस टोचली की त्याच दिवशी काम करत नाही, तिला वेळ लागतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात पळून उपयोग नाही, दोन-तीन आठवडे आधीच जा. परभणीत तर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, दुसरं उदगीरला आहे, मराठवाड्यात राहून लस कुठं द्यायची हा प्रश्न निदान या भागात तरी पडू नये.

काकूंकडं एका वर्षी बिनलसीचं एक पिल्लू आलं होतं. ते गेलं आणि त्याच्यासोबत दुसरी दोन.

हा व्हिडिओ पोरीनं घरी मोबाईलवर काढलाय. तीच टोपली, पण झाकण काढून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेली, आत आईच्या जुन्या साडीचा तुकडा, आणि मनी त्यात पाय वर करून झोपलीय. हे काकूंनीच सांगितलेलं, टोपली पंधरा दिवस आधी काढून उघडी ठेवा, तिला त्यात जेऊ घाला, झोपू द्या. नाहीतर वर्षातून एकदा माळ्यावरून टोपली निघते, मांजराला पकडून कोंबतात, थेट दवाखाना, मग पुढच्या वेळेला ते टोपली बघूनच कपाटाखाली जाऊन बसतं. आणि साडीचा तुकडा न धुता आणायचा, हे काकू फोनवर दोनदा सांगतात, कारण मांजर गाल घासून घासून आपला वास लावून ठेवतं आणि नव्या जागेत तेवढा एक वास ओळखीचा असतो.

ही खोली. आधी जाळीचं दार, मग लाकडी दार, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खिडकीला बारीक जाळी, कूलर लावलेला पण थेट अंगावर नाही, पाण्याची मातीची भांडी दोन ठिकाणी. सू-शीसाठीचे ट्रे खाण्यापासून लांब, एका मांजराला दोन. आणि कोपऱ्यात किराणा दुकानातून आणलेलं पुठ्ठ्याचं खोकं, एका बाजूनं कापलेलं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांवर हेच तपासलं होतं, ज्यांना लपायला खोकं मिळालं त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांत लवकर उतरला. काकूंनी काही ते वाचलेलं नाही, त्यांनी मांजरं बघून बघून खोकं ठेवलंय.

टोपलीचं दार उघडलं. मनी बाहेर आली नाही. काकू तिच्याकडं पाठ करून भिंतीला टेकून बसल्या आणि पेपर वाचायला लागल्या. आमच्या कॅमेरामनला खूण केली, तिच्या डोळ्यात बघू नका म्हणून. बराच वेळ असाच गेला. मग हे बघा, आधी मिशा, मग एक पंजा, पोट जमिनीला लावून भिंतीकडेनं सरकत सरकत सरळ खोक्यात. "बसली. आता बसू द्या, रात्रभर कुणी हात लावायचा नाही."

पोर जाळीच्या दाराबाहेर उभी आहे.

एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरात असते म्हणून सांगायलाच पाहिजे. काकूंच्या मोरीत तुम्हाला फिनाईल दिसणार नाही, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होतं ते जंतुनाशकही नाही. मांजराचं लिव्हर फिनॉलसारखी रसायनं नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि ते पुसलेल्या फरशीवरून चालून मग पंजे चाटतं. मग काकू काय वापरतात तर साधं ब्लीच, १ भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, आधी साबणानं धुवायचं, मग हे लावून १० मिनिटं ठेवायचं, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन सुकवायचं, तोवर मांजर दुसऱ्या खोलीत. पार्व्होचा विषाणू यानं मरतो, फिनाईलनं त्याचा भरवसा नाही. एक मांजर गेलं आणि दुसरं यायचंय, त्या मधल्या दिवशी सगळी खोली अशी निघते, त्या दिवशी नवीन कुणालाच घेत नाहीत.

ही वही. तारीख, किती खाल्लं, सू किती वेळा, शी कशी. खाणं घरचंच, मनीच्या कोरड्या खाण्याचा डबा आणि उकडलेलं चिकन पोरीनं सोबत दिलंय, कारण जागा बदलल्यावर खाणंही बदललं तर पोट बिघडतं. पहिल्या रात्री वहीत खाण्याच्या रकान्यात शून्य आहे, ते चालतं. पूर्ण दिवस गेला आणि तरी शिवलं नाही तर काकू मालकाला फोन लावतात आणि डॉक्टरांनाही, कारण दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या, लिव्हरवर चरबी चढायला लागते. आणि बोका ट्रेमध्ये बसून जोर करायलाय पण सू होत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही द्यायची नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या रकान्यात काकूंनी लिहिलंय, चिकन खाल्लं, कोरडं ठेवलं.

आठव्या दिवशी वडील काळा चष्मा लावूनच मनीला न्यायला आलेत. निघताना काकू पोरीला दारातच थांबवून सांगायल्यात ते ऐका, घरी दुसरं मांजर असलेल्या सगळ्यांसाठी आहे. इथून गेलेल्या मांजराच्या अंगाला या खोलीचा वास लागलेला असतो, त्यामुळं घरी राहिलेला दुसरा बोका असला तर तो त्याच्यावर फिस्कारेल, अंगावरही येईल, ओळखच देणार नाही. रागवू नका. दोघांना एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, एकाचं अंथरूण दुसऱ्याला द्या, दाराच्या दोन बाजूंना जेवायला घाला, आणि दोघं शांतपणे खायला लागले की मगच दार उघडा.