वर कुणाला, भोग कुणाचा?

(दृश्य : वाळकेश्वर, बाणगंगा. सकाळची वेळ. पायऱ्यांवर बदकं, मागे उंच इमारती.)

समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे, तरी या तळ्याचं पाणी गोडं. आख्यायिका अशी, की सीतेच्या शोधात निघालेले राम-लक्ष्मण इथे थांबले. तहान लागली, पाणी मिळेना, म्हणून जमिनीत बाण मारला आणि झरा फुटला. पूजेसाठी वाळूचं शिवलिंग केलं, तो वाळुकेश्वर. मुंबईतली ही फार जुनी गोष्ट रामायणाला जोडलेली आहे, आणि तिच्यात सीता नाही. जिच्यापायी ही सगळी पायपीट चाललेली, ती त्या क्षणी कुठे होती, तिला तहान लागली होती का, हे आख्यायिका विचारत नाही.

हे विचारणाऱ्या कादंबऱ्यांविषयी आज बोलायचं आहे. जुनी दंतकथा घ्यायची, तिच्यातले देव, चमत्कार, शाप, मंत्र सगळं तसंच ठेवायचं, आणि गोष्ट तिच्यातल्या बाईच्या तोंडून सांगायची.

(दृश्य : गर्दीच्या लोकलचा लेडीज डबा. खिडकीशी बसून वाचणारी मुलगी.)

इंग्रजीत ही लाट जुनी आहे. १९८३ च्या सुमाराला राजा आर्थरची दंतकथा मॉर्गेनच्या, म्हणजे त्या कथेत चेटकीण ठरलेल्या बहिणीच्या नजरेतून लिहिली गेली आणि ती कादंबरी अफाट वाचली गेली. २०१८ साली मॅडलिन मिलर यांची ‘सर्सी’ आली. होमर या ग्रीक कवीच्या महाकाव्यात सर्सी ही चेटकीण खलाशांची डुकरं करते आणि तो भाग काही पानांत संपतो. ती असं का करते, याचं उत्तर द्यायला मिलर यांनी तिचं अख्खं आयुष्य उभं केलं.

पण माझ्या मते या सगळ्यांत बारकाईनं वाचावी अशी कादंबरी उर्सुला ले ग्विन यांची ‘लॅव्हिनिया’, २००८ सालची. व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यात लॅव्हिनिया ही राजकन्या आहे. तिच्या लग्नावरून युद्ध पेटतं, माणसं मरतात. आणि त्या अख्ख्या काव्यात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. एकदा शकुन म्हणून तिचे केस पेटतात, एकदा ती लाजून लाल होते, बस्स. ले ग्विन यांनी काय केलं? मरणाच्या दारात असलेल्या त्या कवीचीच छाया तिला भेटायला आणली. कवी तिच्याशी बोलतो आणि त्याच्या लक्षात येतं, की हिला आपण नीट पाहिलंच नव्हतं. कवीवर राग न धरता त्याच्या काव्यातली रिकामी जागा भरणं ही फार अवघड गोष्ट आहे, आणि ती इथे साधली आहे.

आपल्याकडे परतायचं, तर २०२२ साली वैष्णवी पटेल यांची ‘कैकेयी’ आली. भावाभावांत फूट पडली की आपल्या घरांत आजही कुणाला तरी कैकेयी ठरवलं जातं. या कादंबरीतल्या कैकेयीला माणसामाणसांतल्या नात्यांचे धागे डोळ्यांना दिसतात. धागा हलकेच ओढला की समोरचा माणूस तिच्या बाजूनं वळतो. जास्त ओढला, तर तुटतो. दशरथानं दिलेल्या दोन वरांकडे या शक्तीच्या बाजूनं पाहिलं, की ती हट्टी सावत्र आई उरत नाही. राज्य चालवायची अक्कल असलेली, आणि ती वापरताना चुकणारीही बाई दिसते.

(दृश्य : दादर. ग्रंथालयाच्या मांडण्या. जुन्या महाभारताचं उघडलेलं पान.)

फॅन्टसी या प्रकाराचं खरं काम इथे सुरू होतं. चमत्कार खरा मानायचा आणि मग विचारायचं, तो अंगावर कुणी झेलला?

महाभारताच्या उद्योगपर्वात माधवीची कथा आहे. गालवानं गुरूला, विश्वामित्राला, दक्षिणेसाठी फार आग्रह केला. गुरू वैतागला आणि म्हणाला, आठशे घोडे आण. चंद्रासारखे पांढरे, एक कान काळा. गालव ययातीकडे गेला. ययातीकडे घोडे नव्हते, म्हणून त्यानं मुलगी दिली. माधवीला वर होता, की प्रत्येक बाळंतपणानंतर ती पुन्हा कुमारी होईल. मग ती अयोध्येच्या हर्यश्वाकडे राहिली, एक मुलगा झाला, गालवाला दोनशे घोडे मिळाले. नंतर काशीचा दिवोदास. नंतर उशीनर. सहाशे झाले. तसे घोडे पृथ्वीवर आणखी उरलेच नव्हते, तेव्हा उरलेल्या दोनशेंच्या बदल्यात खुद्द विश्वामित्रानं तिला ठेवून घेतलं. चार घरं, चार मुलगे. वसुमना, प्रतर्दन, शिबी, अष्टक, चौघांची नावं ग्रंथात जपून ठेवलेली आहेत.

तो वर नक्की कुणाच्या सोयीचा होता? कौमार्य परत आलं, हे मूळ कथा सांगते. पान्ह्याचं काय झालं? तान्हं मूल मागे ठेवून पुढच्या राजधानीकडे निघालेल्या बाईच्या छातीत दूध दाटलं असेल, तेही वरानं आटलं का? आणि आटलं असेल, तर शरीर कोरं झाल्यावर मन कसं कोरं करायचं? ही पानं लेखिकेनं लिहायची असतात.

आणि गंमत अशी, की माधवी काही अगदी मुकी नाही. राजाला मला द्या आणि घोडे घ्या, हा मार्ग महाभारतात ती स्वतःच गालवाला सुचवते. का सुचवते? शेवटी तिचं स्वयंवर मांडतात, तेव्हा सगळे राजे ओलांडून ती अरण्याला वरते आणि हरिणीसारखी चरत राहते. पुढे बाप स्वर्गातून पडतो, तेव्हा आपलं अर्धं पुण्य त्याला देऊ करते. रागावलेली, मोकळी झालेली, तरीही देणारी. अशी नायिका कुणी नव्यानं रचायला गेलं तर सुचणार नाही. व्यासांनी ती ठेवली आहे.

(दृश्य : लालबाग-परळ. चाळीचा गॅलरीचा कठडा. मग काळ्या पडद्यावर जात्याची घरघर.)

हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे, असं कुणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही. कोकणातून, साताऱ्याकडून गिरणगावात आलेल्या बायकांनी ओव्या पाठ करूनच आणल्या होत्या. त्या ओव्यांतली सीता सासुरवाशीण आहे, सखी आहे. राम सीतेच्या तोलाचा नाही, हलक्या दिलाचा आहे, असं जात्यावर बसलेली बाई पहाटेच्या अंधारात सरळ म्हणून टाकते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. तारा भवाळकरांनी याच लोकपरंपरेतली सीता ‘सीतायन’मध्ये मांडली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीत सीतेचं मंदिर आहे, रामाशिवायचं. टाकून दिलेल्या सीतेनं लव-कुशांसाठी तिथे पसाभर गहू मागितला. गावानं नाही म्हटलं. तेव्हा तिनं शाप दिला, की या गावात गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराचा जीर्णोद्धार घडवून आणला. शाप देणारी सीता! तुळशीपुढे हात जोडणारी तीच सीता इथे गव्हासाठी भांडते.

छापील पुस्तकांत पाहायचं, तर इरावती कर्वे. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेल्या समाजशास्त्रज्ञ. १९६७ च्या ‘युगान्त’ या महाभारतातल्या व्यक्तींवरच्या पुस्तकात त्या पुराव्याला धरून चालतात. पण द्रौपदी हिमालयात पडते आणि धर्मराज मागे वळून पाहत नाही, तिथे त्यांना राहवत नाही. त्या वाचकाला सांगून, स्वतःच्या पदरचा एक प्रसंग जोडतात. भीम परत फिरतो, तिच्याजवळ वाकतो. पुढच्या जन्मी पाचांत थोरला तू हो, असं ती त्याला सुचवते. आणि आपल्या या भरीला त्या नाव देतात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असं एकनाथांनी बजावलं होतं, त्याची ही आठवण. इतकी मोठी विदुषी, आणि एका बाईच्या शेवटच्या घटकेसाठी नरोटी ठेवायला तयार झाली. मला ‘युगान्त’मधली ती दोन-तीन पानं सगळ्यांत जवळची वाटतात.

अशा नव्या कादंबऱ्यांतल्या पुष्कळ फसतातही. नायिका पहिल्या पानापासून शहाणी, पुरुष सगळे दुष्ट, आणि बोलणं आजच्या कॉलेजातलं. गांधारीनं डोळ्यांवर पट्टी बांधली ती निष्ठेनं की रागानं, हा प्रश्न उघडा ठेवायला धीर लागतो. तो नसला, की दंतकथेचं वजन जातं आणि भाषण उरतं.

(दृश्य : महालक्ष्मी मंदिरामागचा खडक. भरतीचं पाणी.)

मुंबईकडे तर अशा कादंबरीचा ऐवज पडून आहे. वरळीची खाडी बुजवायला अठराव्या शतकात बांध घालत होते आणि तो पुन्हा पुन्हा ढासळत होता. कथा अशी, की पाठारे प्रभू समाजातल्या रामजी शिवजी या कामावरच्या माणसाच्या स्वप्नात देवी आली. मी समुद्रात आहे, मला वर काढा, म्हणाली. महालक्ष्मी, महाकाली, महासरस्वती, तिघींच्या मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला.

स्वप्न रामजीचं, बांध गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाचा. आता ही गोष्ट पाण्याखालून सांगा. किती वर्षं त्या तिघी खाली होत्या? वर काय चाललंय हे त्यांना ऐकू येत होतं का? बांध त्या पाडत होत्या का? आणि ज्या खाडीत मासळी मिळायची ती बुजणार, हे वरळीच्या कोळणींना कळलं, तेव्हा त्यांनी देवीकडे काय मागितलं असेल, बांध उभा राहू दे की पडू दे? ही कादंबरी कोळीवाड्यातल्या एखाद्या मुलीनं मराठीत लिहावी, आणि बांध पुरा झाला त्या दिवशी देवी आणि कोळीण समोरासमोर आल्या, तो प्रसंग तिनं अजिबात गाळू नये.