ॲपवर आहे, पण गावत नाही

[दृश्य : जुळे सोलापूर, रात्री आठ. गच्चीवर चार-पाच पोरं. मधे एक जुना ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि वायरीनं जोडलेला फोन.]

मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स. थ्रॅश मेटल म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक संगीत. त्यातल्या या चार मोठ्या नावांवर या गच्चीवर वाद होत नाही, ती सगळ्यांची ऐकून झाली आहेत. इथं शोध असतो फारशा कुणी न ऐकलेल्या बँडचा, आणि वाद सुरू होतो पाचव्या नावापासून. कुणी एक्सोडस म्हटलं की बाकीचे हसतात. "ते काय अनोळखी हाय का बे?"

मोठ्या बँडना प्रत्यक्ष ऐकायचं तर बेंगळुरू. तिथं 2011 मध्ये मेटॅलिका येऊन गेली, 2012 मध्ये स्लेयर. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते, त्यामुळं गाडीची तरी अडचण नाही. बाकी वर्षभर हे संगीत फोनवरच. आणि फोनवर सगळं मिळतं, हा समज गच्चीवर फार वेळ टिकत नाही.

[दृश्य : फोनचा पडदा. शोधपट्टीत टाइप होणारं नाव.]

डार्क एंजल. लॉस एंजेलिसचा बँड, 1986 चा अल्बम 'डार्कनेस डिसेंड्स'. यांच्याच 1991 च्या अल्बमची जाहिरात होती : नऊ गाणी, 67 मिनिटं, 246 रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे). रिफ मोजून विकणारी ही मंडळी! आता या बँडवरून स्पॉटिफायसारख्या गाण्यांच्या ॲपचा 'रेडिओ' लावा, म्हणजे त्या बँडसारखी गाणी ॲप आपणहून वाजवतं. थोड्या वेळात स्लेयर येतं, मग मेगाडेथ, आणि आपण पुन्हा त्याच चौघांच्या दारात. कारण साधं आहे. हे ऐकणारे आणखी काय ऐकतात, हे ॲप बघतं. डार्क एंजल ऐकणारा प्रत्येक जण स्लेयर ऐकतोच, म्हणून शिफारस मोठ्याकडंच झुकते. लहान बँडकडून दुसऱ्या लहान बँडकडं जाणारी वाट तिला क्वचितच दिसते.

म्हणून इथली रीत वेगळी. बँड सोडायचा आणि माणूस धरायचा. 'डार्कनेस डिसेंड्स'वर ड्रम वाजवले जीन होग्लन यांनी. त्यांचं नाव धरून पुढं गेलं की डेथ या बँडचा 1993 चा अल्बम लागतो, पुढं टेस्टामेंट या बँडचा 1997 चा. डेथच्या त्याच अल्बमवर बास कुणाचा? स्टीव्ह डिजॉर्जिओ. हे मूळचे सेडस या बँडचे, म्हणजे कॅलिफोर्नियाचा आणखी एक बँड हाती लागला, 1990 चा 'स्वॉलोड इन ब्लॅक' ऐकायलाच हवा. निर्माता धरला तरी चालतं. बर्लिनचे हॅरिस जॉन्स यांच्या नावावर क्रिएटरचा 'प्लेझर टू किल', सोडमचा 'एजंट ऑरेंज' आणि कॅनडाच्या व्होइव्होडचा 'किलिंग टेक्नॉलॉजी' आहे. तीन बँड, तीन तऱ्हा. फक्त ही श्रेयनावं ॲपवर बघू नका. ऐंशीच्या दशकातल्या अल्बमची तिथली माहिती बहुतेकदा अर्धवट असते. ती मेटल आर्काइव्ह्ज या मेटल बँडच्या माहितीच्या संकेतस्थळावर बघावी आणि मग ॲपवर यावं.

सापडलेला बँड बरोबर आहे का, हेही बघावं लागतं. सॅबट नावाचे दोन बँड आहेत, एक इंग्लंडचा आणि एक जपानचा. सॅक्रिफाइसही दोन : टोरांटोचा आणि जपानचा. जुळी नावं ॲपवर एकाच पानावर मिसळलेली दिसू शकतात. आपल्याकडचं उदाहरण तिरुवनंतपुरमच्या केऑसचं. नुसतं 'केऑस' टाकलं तर जगभरचं काहीही येतं. 'व्हायोलंट रिडेम्प्शन' हे 2013 च्या अल्बमचं नाव जोडलं की काम होतं. सामान्य शब्दाचं नाव असलेला बँड नेहमी अल्बमच्या नावानं शोधायचा.

[दृश्य : एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या, एकापाठोपाठ.]

गच्चीवर खरी भांडणं लागतात ती इथं. बँड बरोबर, गाणंही बरोबर, पण आवृत्ती भलतीच.

एक घोळ पुनर्ध्वनिमुद्रणाचा. एक्सोडसचा 'बॉन्डेड बाय ब्लड' 1985 चा, आवाज पॉल बॅलॉफ यांचा. तोच अल्बम बँडनं 2008 मध्ये 'लेट देअर बी ब्लड' या नावानं पुन्हा वाजवला, तेव्हा गायक होते रॉब ड्यूक्स. गाण्यांची नावं तीच. वादन सफाईदार आहे, पण बॅलॉफ यांचं ते बेफाम ओरडणं त्यात नाही. नवख्यानं आधी दुसरा ऐकला तर त्याला पहिल्याची एवढी वाहवा का होते, हेच कळत नाही. सोडम आणि डिस्ट्रक्शन यांनीही 2007 मध्ये आपली जुनी गाणी अशीच नव्यानं वाजवली.

दुसरा घोळ रिमास्टरचा, म्हणजे जुन्याच मुद्रणाचा आवाज नव्यानं सुधारून काढलेल्या आवृत्तीचा, आणि तो कानानंच ओळखावा लागतो. जुना आवाज 'मोठा' करताना त्यातले उंचवटे छाटले जातात. स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचा फटका हा असाच उंचवटा. तो छाटला की 'टक्' ऐवजी 'थप्' ऐकू येतं, आणि गिटारच्या भिंतीतून ड्रम बाहेरच येत नाहीत. 2008 च्या मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर यावरूनच ओरड झाली. गिटार हीरो या खेळातली तीच गाणी अल्बमपेक्षा मोकळी वाजत होती. गंमत अशी की स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएस (आवाज किती मोठा ऐकू येतो, ते मोजायचं एकक) या एकाच पातळीवर आणून वाजवतं. म्हणजे मोठा केलेला आवाज ॲप पुन्हा खाली आणतं. मोठेपणा गेला आणि छाटलेला स्नेअर तेवढा मागं उरला.

ओळखायचं कसं? अल्बमच्या पानावर अगदी तळाशी सरका. तिथं हक्काची (कॉपीराइटची) ओळ असते : वर्ष आणि कंपनी. वर 1989 लिहिलेलं असलं आणि तळाशी 2018, तर तो बहुतेक रिमास्टर. दोन आवृत्त्या मिळाल्या तर एकाच गाण्याची पहिली तीस सेकंदं लागोपाठ ऐका, लक्ष फक्त स्नेअरवर ठेवा. सगळेच रिमास्टर वाईट नसतात, पण 'नवं म्हणजे चांगलं' हे थ्रॅशला लागू नाही.

[दृश्य : सेटिंग्जचं पान. बोट थांबतं.]

स्पॉटिफायवर मोबाइल डेटा आणि वाय-फाय यांचा दर्जा वेगवेगळा ठरवावा लागतो. 'नॉर्मल' म्हणजे 96 केबीपीएस, तासाला साधारण 43 एमबी. 'व्हेरी हाय' म्हणजे 320, तासाला 144 एमबी. प्रीमियम नसेल तर 160 पर्यंतच. एखाद्या भावगीताला 96 वर फारसं काही होत नाही. थ्रॅशमध्ये मात्र झांजा आणि मुद्दाम खरखरीत केलेली (डिस्टॉर्टेड) गिटार एकाच वरच्या पट्टीत सतत चालू असतात, आणि असा गोंगाट दाबून लहान करणं कोडेकला, म्हणजे फाइल लहान करणाऱ्या प्रणालीला, सर्वांत जड जातं. मग झांजा पाण्याखालून आल्यासारख्या 'श्वा-श्वा' करतात. घरच्या वाय-फायवर 320 मध्ये डाउनलोड करून ठेवलं की बाहेर डेटा जळत नाही.

'क्रॉसफेड', म्हणजे एक गाणं विरताना त्यावरच पुढचं सुरू करणारी सोय, शून्यावर आणा. स्लेयरच्या 'रेन इन ब्लड'वर 'ऑल्टर ऑफ सॅक्रिफाइस' संपतं तिथंच, श्वास न घेता, 'जीझस सेव्ह्ज' सुरू होतं. क्रॉसफेड चालू असेल तर तो जोड विरघळतो. स्पीकरचं 'बास बूस्ट'ही बंद. तळहातानं दाबून वाजवलेल्या तारांचा चिरेबंद ठोका बूस्टमध्ये फुगतो आणि दोन ठोक्यांमधली फट बुजते. ती फट गेली की थ्रॅशमध्ये ऐकण्यासारखं फार उरत नाही.

[दृश्य : मॉर्बिड सेंटचं मुखपृष्ठ.]

आता पैशाचं. विस्कॉन्सिनच्या मॉर्बिड सेंटचा 'स्पेक्ट्रम ऑफ डेथ' 1988 मध्ये मुद्रित झाला आणि 1990 मध्ये मेक्सिकोच्या एका छोट्या कंपनीनं काढला. अशा बँडना ऐकणारे जगभर विखुरलेले आणि मोजके. 2024 पासून स्पॉटिफायचा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन नाही. नामवंतांना याचा फरक पडत नाही. केरळच्या ॲमॉर्फियाहूनही लहान बँडना पडतो.

त्यामुळं ऐकायला ॲप आणि विकत घ्यायला बँडकॅम्प (बँड जिथं आपलं संगीत थेट विकतात ते संकेतस्थळ), अशी विभागणी बरी. तिथं फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवलेली फाइल मिळते, आणि हक्क फिरल्यामुळं ॲपवरचा अल्बम उद्या गायब झाला तरी ती आपल्याकडं राहते. पैसे भरताना बहुतेकांचं अडतं ते कार्डावर. 2020 पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांपुरती चालू करून येतात. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' चालू करा, मर्यादा हजार-दीड हजार ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद. फाइल उतरवल्यावर तिच्या माहितीतल्या 'अल्बम आर्टिस्ट'च्या रकान्यात बँडच्या नावापुढं देशाचं नाव जोडा, नाहीतर दोन्ही सॅबट फोनमध्येही एकत्र नांदतील.

डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प एरवी 15 टक्के कापून घेतं. ठरावीक शुक्रवारी हा वाटा सोडून देतं, त्या तारखा आधी जाहीर होतात. मात्र तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतो. सोलापुरात तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला, आणि शनिवारी त्याच वेळेला संपतो. शनिवारी सकाळी घेतलेला अल्बमही त्यात धरला जातो.